पंपघराच्या वळणापर्यंत

आमच्या चमच्यांच्या कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलं की रस्ता भातखाचरांमधून सरळ सुटतो. डावीकडे याहिकोचा डोंगर, उजवीकडे कालवा, मधे ना झाड ना घर. फाटकात उभं राहिलेल्या माणसाला निघालेली गाडी पार पंपघराच्या वळणापर्यंत दिसत राहते. थोरल्या मालकांनी, म्हणजे निशिवाकी-साननी, ही जागा घेतली ती स्वस्तात मिळाली म्हणून. निघालेला पाहुणा दिसेनासा होईपर्यंत आपल्याला वाकून उभं राहायचंय, हा विचार तेव्हा त्यांच्या डोक्यात आला नसणार. शहरातल्या कंपन्यांचं बरं असतं. गाडी कोपऱ्यावर वळली की सगळे सरळ होऊन आत पळतात. आमच्याकडे गाडी पंपघराशी पोचेपर्यंत वाकलेल्यांच्या मानेवर बर्फ साठायचा.

मी त्यांच्यात कधी नसायचो. मी कंपनीचा ड्रायव्हर, इगाराशी. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं आणि परत सोडायचं, हे माझं काम. बाकीचे थंडीत वाकलेले असायचे तेव्हा मी गाडीत हीटरच्या उबेत असायचो, आणि माझ्यासमोर आरसा असायचा. त्या आरशात ती माणसांची ओळ लहान लहान होत जाताना मी नोकरीभर पाहिली. ओळीच्या अगदी टोकाला, सगळ्यांत खाली वाकलेल्या, होन्माबाई असायच्या. त्यांच्याबद्दल सांगायला बसलोय. त्यांचे आम्हा सगळ्यांवर उपकार आहेत असं त्यांच्यासमोर म्हटलं तर म्हणतील, कसले उपकार, चहा तर पाजला. म्हणोत. मी सांगणारच.

होन्मा ताझुको डोंगरापलीकडच्या एका वाडीतून शाळा संपल्या संपल्या आमच्याकडे आल्या. चमचे कागदात गुंडाळायच्या कामावर. हात संथ, बोलणं त्याहून संथ. मग त्यांना ऑफिसात घेतलं, तिथे आठवड्यात चहाचे पेले फुटले. थोरल्या मालकीणबाई हयात होत्या तेव्हा. फटकळ बाई, पण मनाने लोणी. त्यांनी होन्माबाईंना बोलावून सांगितलं, की बोलण्यात तू कच्ची, पेले तुझ्या हातात टिकत नाहीत, पण पाहुणा दिसेनासा होईपर्यंत उभं राहायला काही शिक्षण लागत नाही. तेवढं मनापासून कर. झालं. त्या दिवसापासून होन्माबाईंनी ते आपलं काम मानलं. पुढे त्या चहासुद्धा उत्तम करायला लागल्या, लग्न झालं, मुलगा मोठा होऊन सायतामाला गेला, नवरा वारला, आणि हे काम तसंच राहिलं.

पाहुणा म्हणजे फक्त मोठे खरेदीदार नव्हेत. भंगारवाला आला तरी त्याचा टेम्पो पंपघराला वळेपर्यंत ह्या उभ्या. पॉलिशच्या चाकांचा विक्रेता आला तरी तेच. तो बिचारा एकदा मला म्हणाला, "इगाराशी-सान, त्यांना आत जायला सांगा हो. मला रस्त्यात गाडी थांबवून लघवीलासुद्धा जाता येत नाही."

फोनवर बोलतानाही त्या वाकायच्या. सगळेच वाकतात आमच्याकडे, पण त्यांचं कपाळ समोरच्या कपाटाला लागायचं, आणि त्या कपाटाचीही माफी मागायच्या. एकदा नीगाता शहरातल्या हॉटेलात मोठी मेजवानी झाली. पाहुणे लिफ्टमध्ये शिरले, दार बंद होऊ लागलं, आम्ही सगळे ओळीने वाकलो. दार बंद झालं. थोरल्या मालकांनी टाय सैल केला, पोटावर हात फिरवला आणि मोठ्याने म्हणाले, "सुटलो एकदाचे." तेवढ्यात लिफ्टचं दार परत उघडलं. आतल्या कुणाचा तरी कोपर बटणावर पडला होता. पाहुणे बघतायत, मालकांचा टाय सैल, आमचे मॅनेजर जांभई देतायत. एकट्या होन्माबाई अजून वाकलेल्या होत्या. त्यांचं सरळ होणंच इतकं सावकाश, की दार उघडल्याचं त्यांना कळलंही नाही. पाहुण्यांना दिसलं ते एवढंच, की ह्या कंपनीत एक तरी माणूस खरोखर निरोप देतोय. ऑर्डर टिकली. मालक पुढे कित्येक वर्षं म्हणायचे, की होन्मा-सानच्या आळशी कंबरेने कंपनी वाचवली.

परदेशी पाहुणे यायला लागले तेव्हा गंमत वाढली. ते बिचारे पुस्तकं वाचून यायचे. जपानात कार्ड दोन्ही हातांनी द्यावं, एवढं पाठ करून आलेला एक अमेरिकन गृहस्थ स्टेशनवर उतरला, त्याने मला दोन्ही हातांनी कार्ड दिलं. तिकीट तपासणाऱ्यालाही दिलं. बैठकीपर्यंत त्याची कार्डं संपली आणि मालकांना द्यायला एकही उरलं नाही. दुसरा एक, फ्रेंच, पाठ दाखवू नये म्हणून वाकत वाकत उलटा चालत गाडीकडे गेला तो थेट खाचराच्या चरात. बैठकीच्या खोलीत तर नेहमीचा घोळ. दारापासून लांबची खुर्ची पाहुण्याची, दाराजवळची आपली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. परदेशी माणूस सभ्यपणाने दाराजवळच बसायचा. मग आमच्यापैकी कुणालाच बसता यायचं नाही, सगळे उभे. शेवटी होन्माबाई आतल्या खुर्चीसमोर चहा नेऊन ठेवायच्या. चहा गार होतोय म्हटल्यावर पाहुणा आपोआप उठून तिकडे जायचा.

स्कोव-सान हे डेन्मार्कचे खरेदीदार. उंच, भुवया पांढऱ्या, हसताना आधी कान हलायचे. दर वर्षी नोव्हेंबरात येत. पहिल्यांदा आले तेव्हा मी गाडीचं मागचं दार उघडून उभा राहिलो. ड्रायव्हरच्या मागची जागा सगळ्यांत मानाची. त्यांनी माझे आभार मानले, दार स्वतः लावलं, आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसले. थोरल्या मालकांचा चेहरा कोमेजला. पाहुणा पुढे नोकराच्या जागेवर आणि आपण एकटे मागे मानाच्या जागेवर, असं त्यांच्यावर कधी आलं नव्हतं. स्टेशनपासून कारखान्यापर्यंत ते सीटच्या काठावर बसून होते. नंतर कळलं, की त्यांच्या देशात एकट्या माणसाने मागे बसणं म्हणजे ड्रायव्हरला कमी लेखणं. दर वर्षी स्कोव-सान पुढेच बसले, आणि अशी आमची दोस्ती झाली. त्यांचं जपानी मोडकं होतं पण लाजरं नव्हतं. तांदूळ, लेकी, गुडघे, सगळ्यांवर आम्ही बोलत असू.

पुढे थोरले मालक गेले आणि त्यांचा मुलगा शिकागोहून परत आला. त्याला आम्ही जुने लोक धाकटे मालक म्हणत असू. माणूस चांगला. साध्या कामगारालाही नावाने हाक मारणारा, पगार वेळेवर देणारा. पण शिकागोत बरीच वर्षं राहिल्यामुळे त्यांना वाटायचं, की परदेशी माणसाच्या मनात काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे.

एका वर्षी पहिली थंडी पडली तेव्हा सकाळच्या सभेत त्यांनी सांगितलं, की यापुढे परदेशी पाहुण्यांना दारात हात मिळवून निरोप द्यायचा आणि लगेच आत यायचं. फाटकात उभं राहायचं नाही. ते लोक अवघडतात. "मी स्वतः त्यांच्यात राहिलोय," ते म्हणाले. "कुणी आपल्याकडे बघत उभं राहिलं की त्यांना ओझं होतं. आपण मान देतोय असं आपल्याला वाटतं, त्यांना वाटतं कधी एकदा सुटतो."

हे त्यांनी कुणालाही टोचून म्हटलं नव्हतं. पण होन्माबाई मागच्या ओळीत उभ्या होत्या, आणि त्या मार्चअखेर निवृत्त होणार होत्या.

दुपारी मी किटलीत पाणी भरायला गेलो तर त्या मोरीशी उभ्या, पेले धुतायत. मी धाकट्या मालकांबद्दल दोन शब्द वाकडे बोललो. त्यांनी मला गप्प केलं.

"ते तिकडे राहून आलेत इगाराशी-सान, त्यांना माहीत असणार. मला काय माहीत? मी तर खाली बघत असते." पेला पुसून त्यांनी उपडा घातला. "इतकी वर्षं मी लोकांच्या पाठीला ओझं बांधत होते का, एवढंच मनात येतं. दुसरं मला येतं तरी काय."

मी आरशात काय काय पाहिलंय ते सांगावंसं वाटलं. पण पाहुणा गाडीत काय करतो हे बाहेर बोलायचं नाही, ही आमची ड्रायव्हरांची शिस्त. आणि त्या तरी कुठे विचारत होत्या. आपण दिलेल्या निरोपाची पोच मागायची, हे त्यांच्या रक्तात नव्हतं.

मग नोव्हेंबर आला आणि स्कोव-सान आले. दिवसभर बैठक चालली. बाहेर पाऊस आणि बर्फ यांचं जे मिश्रण आमच्याकडे पडतं ते पडत होतं. स्कोव-सान बैठकीत म्हणाले, की यंदाच्या चमच्याची मूठ हाताला थोडी जड लागते. धाकटे मालक हसून म्हणाले, बघतो, बदलतो. एवढंच. निघायची वेळ झाली. धाकट्या मालकांनी दारात त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला, अमेरिकेत हलवतात तसा, मॅनेजरांनी हलवला, आणि सगळे आत वळले. होन्माबाईंनी दारातच मान तुकवली, पायपुसण्यावरून पाऊल पुढे टाकलं, मग मागे घेतलं, आणि त्याही आत गेल्या. दार लागलं.

मी गाडी फाटकाबाहेर काढली. स्कोव-सान शेजारी. त्यांचा हात नेहमीसारखा खिडकीच्या काचेवर गेला, वाफ पुसायला. त्यांच्या बाजूला जो बाहेरचा आरसा असतो त्यात ते दर वर्षी बघायचे. पंपघर येईपर्यंत एक अक्षर बोलायचे नाहीत, वळलो की मोठा श्वास घेऊन गप्पा सुरू. त्या दिवशी त्यांनी आरशात पाहिलं, मग वळून मागच्या काचेतून पाहिलं, मग परत आरशात.

"कोणी वारलं का?" त्यांनी विचारलं.

नाही म्हटलं, सगळे ठीक आहेत.

थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "मग मी चूक केली. चमचा जड म्हणालो. ते रागावले."

मी म्हटलं, छे छे, थंडी आहे म्हणून आत गेले. हे म्हणताना माझीच जीभ अडखळली, कारण घोटाभर बर्फात त्यांना निरोप दिलेला होता आणि तो त्यांना आठवत होता. खरं कारण सांगायचं तर मालकाच्या पाठीमागे मालकाची गोष्ट पाहुण्याला सांगणं झालं असतं. मी गिअर बदलला, नाक शिंकरलं, हवामानावर आलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"इगाराशी-सान, मागे चला."

"स्कोव-सान, गाडी सुटेल तुमची."

"सुटू दे. माणसं सुटली तर पुढच्या वर्षी कुठे येऊ?"

त्या अरुंद रस्त्यावर गाडी वळवणं म्हणजे एक चाक चरात घालायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. वळवली. फाटकात शिरलो तेव्हा मॅनेजर धावत आले, छत्री उघडतच नव्हती, त्यांना वाटलं पासपोर्ट राहिला. पाठोपाठ धाकटे मालक कोट न घालता. स्कोव-सान उतरले, आणि एवढा ताडमाड माणूस कमरेत मोडला. त्या पावसात त्यांच्या पांढऱ्या केसांतून पाणी गळतंय, आणि ते मोडक्या जपानीत म्हणतायत, मी वाईट बोललो, चमचा चांगला आहे, कृपा करून माफ करा.

धाकट्या मालकांना काही कळेना. त्यांनी घाईने त्यांच्याहून खाली वाकून माफी मागितली. कशाची ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मॅनेजर त्यांच्याहून खाली वाकले. कामगार दारातून बघत होते, तेही वाकले. कुणी कुणाच्या आधी वर येईना. मी गाडीशेजारी उभा, मलाही वाकावं लागलं, आणि तिरक्या नजरेने घड्याळ बघत होतो.

शेवटी धाकट्या मालकांनी वाकल्या वाकल्याच मला विचारलं, "इगाराशी-सान, झालं काय?"

आता मालकानेच विचारलं म्हटल्यावर शिस्त सुटली. मी सांगितलं, की फाटकात कुणी दिसलं नाही, म्हणून त्यांना वाटलं आपण नकोसे झालो.

धाकटे मालक सरळ झाले. त्यांचा चेहरा पावसात कसा झाला होता, ते मी नीट पाहिलं नाही, पाहूही नये. त्यांनी स्कोव-सानचा हात धरून त्यांना वर उठवलं आणि सांगितलं, की राग कुणालाच नाही, चूक माझी, मला वाटलं तुम्हाला त्रास होत असेल. मग ते फाटकापर्यंत चालत गेले आणि त्यांच्या वडिलांच्या जागेवर उभे राहिले. मॅनेजर शेजारी. दारातले कामगार हात पुसत येऊन ओळीला लागले. होन्माबाई छत्री घेऊन बाहेर आल्या त्या टोकाच्या जागेकडे निघाल्या.

पण आता स्कोव-सान गाडीत बसेनात. एवढे लोक आपल्यासाठी पावसात उभे आहेत, आधी तुम्ही आत जा, मग मी निघतो, असं त्यांचं म्हणणं. आणि पाहुणा निघाल्याशिवाय आत जायचं कसं? ते वाकले की हे वाकायचे. हे थांबले की ते परत वाकायचे. घड्याळ पुढे चाललेलं. त्यानंतरची गाडी दोन तासांनी, आणि पुढे तोक्योला त्यांचं विमान.

तेव्हा होन्माबाईंनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. त्या ओळीतून निघाल्या, छत्री मिटली, आणि म्हणाल्या, "मी स्टेशनवर येते सोडायला. म्हणजे इथे कुणी थांबायला नको आणि तुम्हीही थांबायला नको. चला, बसा." एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून त्या अंगणात कुणी ऐकलं नव्हतं. स्कोव-सान धावत जाऊन मागचं दार उघडून उभे राहिले. ड्रायव्हरच्या मागचं. त्या जागेवर होन्माबाई बसल्या, म्हणजे टेकल्या. ओला एप्रन सीटला लागू नये म्हणून मुठीत धरून. स्कोव-सान माझ्या शेजारी. मी निघालो.

फाटक ओलांडलं आणि सवयीने आरशात पाहिलं. मला ओळ दिसेना. आरसाभर होन्माबाईंचं डोकं. त्या सीटवर गुडघे टेकवून मागे वळून बसल्या होत्या, सहलीला निघालेल्या मुलीसारख्या, आणि मागच्या काचेतून बघत होत्या. मी बाहेरच्या आरशात पाहिलं. फाटकात सगळे वाकलेले. धाकटे मालक अंगावर कोट नसताना सगळ्यांत खाली. ओळ लहान होत गेली, तळहाताएवढी, मग बोटाएवढी. कुणी सरळ झालं नाही. वायपरचा आवाज तेवढा.

पंपघराला वळलो. होन्माबाई बराच वेळ तशाच बसून राहिल्या, जिथे आता नुसता कालवा दिसत होता तिथे बघत.

"हे असं दिसतं होय," त्या म्हणाल्या. "किती बरं वाटतं हो. मला वाटायचं, नुसती वाकलेली डोकी दिसत असतील."

स्कोव-सान मागे वळले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. ते म्हणाले, की घरी त्यांची बायको दर वर्षी विचारते, यंदा टोकाची बाई होती का. ते हो म्हणतात, मग ती म्हणते, मग काम झालं. यंदा घरी जाऊन काय सांगायचं, म्हणून ते परत फिरले.

टोकाची बाई म्हणजे आपणच, हे होन्माबाईंच्या लक्षात यायला जरा उशीर झाला. लक्षात आलं तेव्हा त्या सीटवर नीट बसल्या, आणि पहिल्यांदाच पाठ टेकून बसल्या. स्टेशन येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. मीही आरसा थोडा वर केला. काही गोष्टी ड्रायव्हरने बघायच्या नसतात.

गाडी मिळाली, अगदी शेवटच्या शिट्टीला. फलाटावर आम्ही दोघं उभे. डबा हलला तशा होन्माबाई सवयीने वाकल्या. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, आज तरी वर बघा. त्यांनी मान उचलली. खिडकीत स्कोव-सान उभे होते, त्यांनी आतून असा काही वाकून नमस्कार केला की कपाळ काचेवर आदळलं. आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला. कपाळ चोळत ते हसत होते, आणि होन्माबाई तोंडावर हात धरून हसत होत्या. डबा फलाट सोडून गेला तरी थांबेनात.

धाकट्या मालकांनी त्या नव्या नियमाचं नाव परत कधी काढलं नाही. पुढच्याच आठवड्यात ओसाकाचे आणि मग कोरियाचे पाहुणे आले, तेव्हा ते स्वतःच सगळ्यांच्या आधी फाटकात जाऊन उभे होते. सभेत त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचा तो मोठेपणा मी मानतो. चूक झाली म्हणून सांगणं सोपं असतं, दर वेळी थंडीत जाऊन उभं राहणं अवघड. होन्माबाई मार्चमध्ये निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांना टॅक्सीने नको, कंपनीच्या गाडीनेच घरी सोडायचं असंही त्यांनीच सांगितलं. पण त्या दिवसापेक्षा मला स्टेशनवरून परत येतानाची ती संध्याकाळ आठवते.

परत येताना होन्माबाई पुढे बसल्या. मागे बसा म्हटलं तर म्हणाल्या, तिथे काय आता, तिथून तुमच्या मानेवरची घाण दिसते. पाऊस थांबला होता. हीटरमुळे एप्रनला वाफ सुटलेली. मग पुढे रस्त्याकडे बघत म्हणाल्या,

"इगाराशी-सान, बाकीचे? ते बघायचे का मागे?"

आता खरं सांगायचं की गोड सांगायचं, असा माणसाला प्रश्न पडतो. मला पडला नाही. त्यांना खरंच हवं होतं. मी म्हटलं, काही बघायचे, काही नाही.

"चरात पडले होते ते?"

"फ्रेंच? ते तर ओल्या चड्डीत बसून हात हलवत होते. तुम्ही खाली बघत होता, म्हणून त्यांना वाटलं तुम्हाला दिसत नाहीये. मग ते हॉर्न वाजवा म्हणाले. मी नाही वाजवला."

"वाजवायचा की एकदा," त्या म्हणाल्या. मग, "आणि ते अमेरिकेचे, कार्डं संपलेले?"

"ते पंपघर यायच्या आत घोरायला लागले."

"बरं झालं. दमले असतील बिचारे."

"बँकेच्या साहेबांनी तर कधीच नाही बघितलं. कागद काढून वाचत बसायचे."

यावर त्यांनी थोडा विचार केला. "त्यांचंही डोकं खाली, आमचंही खाली. मग फिट्टमफाट."

मी हसलो तशा त्या एकदम वळून म्हणाल्या, "तुम्ही हे सगळं बघत होता आणि इतकी वर्षं सांगितलं का नाहीत हो?"

"विचारलंत कुठे?"

"असं कुणी विचारतं का? आपणहून सांगायला नको? भंगारवाल्याचं तरी सांगायचं."

मग भंगारवाल्याचं सांगितलं. तो टेम्पोतून डोकं बाहेर काढून उलटा नमस्कार करायचा, एकदा टोपी उडून खाचरात पडली होती, ती आणायला तो दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन गेला. होन्माबाईंनी पुढचा विचारला. मग त्याच्या पुढचा. कुणाचं नाव विसरल्या होत्या पण चहा किती कडक घ्यायचे ते सांगायच्या, आणि त्यावरून मला तो माणूस आठवायचा. पंपघर आलं तेव्हा आम्ही अजून निम्म्यावरही पोचलो नव्हतो. तिथून कारखाना समोरच दिसतो, फाटकातला दिवा लागलेला होता. मी गाडी तिकडे वळवली नाही. कालव्याच्या कडेने सरळ पुढे घेतली. त्यांच्या ते लक्षात आलं. त्या विचारत होत्या, साकाईचे ते तोतरे बोलणारे पाहुणे, ज्यांना चहा फार गरम चालायचा नाही, ते बघायचे का.

ते बघायचे. मी सांगायला लागलो.